उचलून बघा

गावाचं नाव रायडर.
मी मुद्दाम निवडलं नाही, शप्पथ.
वेल्शमध्ये त्याचा अर्थ धबधबा आहे म्हणे,
पण पाटी वाचली की हेल्मेटच्या आत
दर वेळी हसू येतंच.

घड्याळाच्या मनोऱ्यामागे गेथिनचं दुकान.
तीन गाड्या ओळीत.
जर्मन, दोनशे चाळीस किलो,
लग्नातल्या थोरल्या जावेसारखी:
अंगभर पेट्या, दिवे, कड्या, आणि हलायचं नाव नाही.
ऑस्ट्रियन हलकी, पण इतकी उंच
की बसल्यावर माझे अंगठे तेवढे
जमिनीला लांबून नमस्कार करतात.
तिसरी जपानी. एकशे पंचवीस.
टाकीला पोचा, चेनला
आधीच्या मालकाचा वाळका चिखल.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
पाच फूट एक इंचाच्या बाईने
पाय पाहून सीट बघावी.

गेथिन हॉर्सपॉवरबद्दल बोलत होता.
माझ्या डोक्यात मागचा सप्टेंबर.
धरणांपलीकडची दगडी वाट, सातवा ओढा,
आणि पन्नाशीला मीच मला भेट दिलेली
ती अवाढव्य गाडी
पाण्यात कुशीवर,
डुंबायला बसलेल्या म्हशीसारखी निवांत.
मी विनवण्या केल्या.
मग शिव्या दिल्या, मराठीतून,
कारण समोर मेंढ्या होत्या
आणि त्यांना इंग्रजी कळत असणार.
चाळीस मिनिटं.
शेवटी क्वाडवरून एक मेंढपाळ आला, त्याचा मुलगा,
त्यांचं कुत्रं.
दोघांनी उचलली, कुत्र्याने देखरेख केली.
"मोठी आहे हो," म्हातारा म्हणाला.
टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच लागला.

मी फिजिओथेरपिस्ट.
अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगतेय,
पाठीने नको, मांड्यांनी उचला.
आणि हेही, की पडायची भीती
न पडल्याने जात नाही,
आपलं आपण उठता आलं की जाते.
रोज सांगते. समोरच्यालाच सांगते.

म्हटलं, गेथिन, आडवी पाड.
"कुठली?"
तिन्ही.
तो हसला. मग माझ्याकडे नीट बघितलं
आणि मागच्या आवारात
एक जुनं कार्पेट पसरलं.
(शेवटी अंथरूण आलंच.)

जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत.
ऑस्ट्रियन उठली, पण उठली ती
पलीकडच्या बाजूला पडायलाच निघाली;
गेथिनने झडप घालून धरली.
जपानीच्या सीटला पाठ टेकवली,
एक हात हँडलला, एक कॅरिअरखाली,
गुडघ्यात वाकून
बारीक बारीक पावलं मागे.
उठली.
इतकी सहज, की मला क्षणभर रागच आला,
त्या चाळीस मिनिटांचा.

मिरजेला आमच्याकडे लूना होती.
चढ आला की पेडल मारून
तिला हातभार लावायचा.
त्यात कमीपणा कुणालाच वाटत नसे,
ना तिला, ना मला.

"हायवेला वारा ढकलेल हिला,"
गेथिन म्हणाला. सरळ माणूस.
"साठच्या वर थरथरते. टाकी छोटी.
सीट म्हणजे फळी."
थरथरू दे. गुरुवारच्या मीटिंगमध्ये मीही थरथरते.
श्रूजबरीपासून इथवर मागच्या रस्त्यांनी येईन,
जिथे डांबर संपतं
तिथून पुढे बघू.

पैसे देताना त्याने विचारलं,
पोचा बुजवून देऊ?
राहू दे म्हटलं.
ही आधीच पडून आलीय,
ते शिकवण्यातून तरी माझी सुटका.

बाहेर आणून बसले.
दोन्ही टाचा टेकल्या नाहीत.
एक टेकली.